गोळी नको, झाडपाला चालेल का?

*ताई, माझं वय २७. दोन वर्षांपूर्वी पीसीओएसचं, म्हणजे अंडाशयाच्या संप्रेरकांचा तोल बिघडण्याच्या दुखण्याचं, निदान झालं. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन दिलं, पण तीन आठवडे पोटाने असा छळ मांडला की गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांना कळवलं नाही. मग वाचून वाचून स्वतःच सुरू केलं: दिवसातून दोनदा स्पिअरमिंट पुदिन्याचा चहा, रोज दालचिनीची पूड, आणि गेले तीन महिने वनस्पतींच्या अर्कांची एक कॅप्सूल. हनुवटीवरचे केस थोडे कमी वाटतात. पाळी मात्र ११८ दिवसांत आलेली नाही. परवा मावशीने बातमी पाठवली की मलेरियावरच्या झाडाचं औषध पीसीओएसवर लागू पडलंय. येत्या वर्षभरात मूल हवं आहे. रासायनिक औषधं टाळून वनस्पतींवर भागेल का? भागणार असेल तर कोणत्या? डबीचा फोटो आणि पाळीच्या तारखांचं पान जोडलं आहे.*

*ता. क. बाकी सगळं बंद करायला सांगितलंत तरी पुदिन्याचा चहा राहू देता येईल का?*

*– नाव छापू नका*

प्रिय मैत्रिणी,

सुरुवात ११८ पासूनच करते. तुझे बाकीचे प्रश्न आठवडाभर थांबू शकतात, हा एक थांबू शकत नाही.

आजच्या आज प्रेग्नन्सी टेस्ट कर. पीसीओएसमध्ये पाळी लांबते म्हणून स्त्रीबीज कधी सुटतच नाही, असं नसतं. ते अवेळी सुटतं, न कळवता सुटतं. टेस्ट आधी करायला सांगते, कारण तू जे घेतेस त्यातली एक गोष्ट गरोदरपणात अजिबात नको. तिच्याबद्दल पुढे लिहिलंय. टेस्ट निगेटिव्ह आली तर याच आठवड्यात डॉक्टर गाठ.

कारण असं, की बीज सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनत नाही. इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकाचं काम मात्र चालूच असतं, ते गर्भाशयाचं अस्तर जाड करत राहतं. पाळी म्हणजे हे अस्तर उतरणं. महिनोन्‌महिने ते उतरलंच नाही तर तिथल्या पेशींची वाढ वाकड्या वाटेला लागू शकते. पीसीओएस असलेल्या बायकांना या अस्तराच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा काही पट जास्त असतो तो यामुळेच. तुझ्या वयात तो धोका मुळातच इतका लहान असतो की काही पट होऊनही लहानच राहतो, तेव्हा झोप उडवून घेऊ नकोस. पण ९० दिवसांच्या पलीकडे पाळी गेली की दाखवायचं, हे ठरलेलं आहे. डॉक्टर तपासून बहुधा काही दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतील. त्या संपल्यावर थोड्या दिवसांत रक्तस्राव होईल आणि अस्तर उतरेल. तुझ्या डबीतली एकही वनस्पती हे काम भरवशाने करते असं अजून ठामपणे दिसलेलं नाही.

तारखांचं पान मी नीट पाहिलं. गेल्या वर्षभरात पाच तारखा आहेत. त्यांच्यातली अंतरं ४१, ६३, ५२, ८८ दिवस, आणि आता हे ११८. कॅप्सूल सुरू केल्याची तारीख तू हिरव्या शाईने लिहिली आहेस. त्या हिरव्या ओळीच्या खाली पान कोरं आहे. याचं खापर मी कॅप्सूलवर फोडत नाही, पाळी लांबण्याची चाल आधीपासूनच दिसते. पण तिच्या नावावर काही जमाही करता येत नाही. केस 'कमी वाटतात' हे तू लिहिलंस, आणि कोऱ्या पानाचं एका ओळीत आटोपलंस, हे मात्र मला टोचलं.

आता तुझा 'रासायनिक' हा शब्द. मी बरीच वर्षं औषधशास्त्र शिकवलं. दरवर्षी वर्गात कोणीतरी हा शब्द असाच नाक मुरडून वापरायचं, आणि मी फळ्यावर एक झुडूप काढायचे. शेंगांच्या कुळातलं, फिकट जांभळ्या फुलांचं. नाव गॅलेगा ऑफिसिनॅलिस. युरोपातल्या जडीबुटीवाल्यांच्या जुन्या पोतडीतलं. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात ते जनावरांना चारा होईल म्हणून मुद्दाम आणून लावलं, आणि मग लक्षात आलं की ते जनावरांना विषारी आहे. मेंढ्यांनी भरपूर खाल्लं तर त्या मरतात. त्यात गॅलेगिन नावाचा रेणू असतो. तो रक्तातली साखर उतरवतो. १९२०च्या दशकात माणसांवर वापरूनही पाहिला, पण गुण थोडा वेळ टिके आणि विषारीपणा नडे. त्याच घराण्यातला एक सौम्य रेणू वर्नर आणि बेल यांनी १९२२ मध्ये प्रयोगशाळेत बनवला होता. तो पस्तीस वर्षं कोपऱ्यात पडून राहिला. १९५७ मध्ये जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी तो मधुमेहाच्या रुग्णांना देऊन निष्कर्ष प्रसिद्ध केले. पीसीओएसवर त्याचा पहिला अहवाल १९९४चा.

त्या रेणूचं नाव मेटफॉर्मिन.

म्हणजे झाडाच्या ओढीने तू जे सोडलंस, तेही झाडावरूनच सुचलेलं होतं. आणि झाडात जसाच्या तसा होता तो रेणू मेंढ्या मारणारा. तेव्हापासून 'झाडातलं की कारखान्यातलं' हा प्रश्न मी विचारतच नाही. मी विचारते, रेणू कोणता, किती मिलिग्रॅम, तोंडाने घेतल्यावर रक्तात पोचतो का, आणि कोणावर, कशाच्या तुलनेत तपासला.

तुझ्या यादीकडे वळण्याआधी दुखण्याबद्दल थोडं, कारण तुझ्या डबीवर 'गाठी विरघळवते' असं छापलंय आणि ते वाचून मला हसू आलं. विरघळवायला अंडाशयात गाठी नसतातच. १९३५ मध्ये शिकागोत स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात बायकांचं वर्णन केलं, त्यांच्या मोठ्या झालेल्या अंडाशयांवर बुडबुड्यांसारखं काही दिसलं, आणि 'सिस्ट' हा शब्द कायमचा चिकटला. खरं तर ती दोन ते नऊ मिलिमीटरची, अर्धवट वाढून थांबलेली बीजपुटकं असतात. ती थांबतात कारण संप्रेरकांचा तोल गेलेला असतो. अनेक जणींच्या शरीरात इन्सुलिनला दाद मिळत नाही, म्हणून शरीर ते जास्त सोडतं. ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक जास्त बनवायला लावतं. शिवाय टेस्टोस्टेरॉनला रक्तात धरून ठेवणारं जे प्रथिन यकृत बनवतं, तेही इन्सुलिनमुळे घटतं, म्हणजे मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं. मग हनुवटीवर केस येतात, पुटकं अडकतात, पाळी लांबते. वनस्पतींवरचं बहुतेक संशोधन या साखळीच्या दोन कड्यांवर आहे: कुणी इन्सुलिनची कडी धरतं, कुणी टेस्टोस्टेरॉनची.

पुदिना दुसऱ्या कडीवरचा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पीसीओएसच्या ४२ बायकांपैकी अर्ध्या जणींना दिवसातून दोनदा स्पिअरमिंटचा चहा दिला, उरलेल्यांना दुसऱ्या वनस्पतीचा. तीस दिवसांनी पुदिनावाल्यांचं टेस्टोस्टेरॉन खरंच उतरलं होतं. बायकांनी सांगितलंही की केस कमी वाटतात. पण डॉक्टरांनी शरीराच्या एकेका भागावरच्या केसांना गुण देऊन मोजलं तेव्हा फरक पडलेला नव्हता. यात बायका खोटं बोलत होत्या असं नाही. एका केसाचं आयुष्यच महिन्यांचं असतं, तेव्हा तीस दिवसांत मोजपट्टीवर काही दिसणं अवघडच. तुझं 'वाटतात' मी त्याच खान्यात ठेवते. चूक म्हणत नाही, पण मोजलेलं नाही.

दालचिनीची गोष्ट जास्त मजेची. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४५ जणी होत्या, रोज दीड ग्रॅम दालचिनी किंवा तशाच दिसणाऱ्या पोकळ कॅप्सूल, सहा महिने. दालचिनीवाल्यांना पाळी जास्त वेळा आली. पण सगळे जिच्या नावाने दालचिनी घेतात ती इन्सुलिनची कडी? तिथे फरक नाही. टेस्टोस्टेरॉनमध्येही नाही. आणि सहा महिने टिकून राहिल्या फक्त १७ जणी. इतक्या गळतीनंतर उरलेल्यांच्या आकड्यावर मी तरी घर बांधणार नाही. तू घेतेस ती दालचिनी कोणती, हे आधी बघ. जाड सालीची, एकाच वेटोळ्याची असेल तर ती कॅशिया. पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले असतील तर सिलोनची. कॅशियात कूमरिन असतं, आणि ते रोज जास्त गेलं तर काही जणांच्या यकृताला सोसत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मर्यादा घातली आहे, रोज दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या बाईला सहा. चमचाभर कॅशिया पुडीत तेवढं सहज असतं. पूड करून ठेवलेली असेल तर जात ओळखता येणार नाही, मग रोजचा चमचा बंदच कर. स्वयंपाकात चिमूटभर पडली तर काही बिघडत नाही.

तुझ्या यादीत नाही, पण तू वाचलं असशीलच असं एक नाव म्हणजे इनोसिटॉल. धान्याच्या कोंड्यात ते दुसऱ्या रूपात भरपूर असतं आणि आपलं शरीरही ते बनवतं. पीसीओएससाठी याची जी दोन भावंडं वापरतात त्यांपैकी डी-कायरो इनोसिटॉलवर १९९९ मध्ये एक चाचणी गाजली. औषध घेतलेल्या २२ पैकी १९ बायकांना बीज सुटलं. सगळीकडे हाच आकडा फिरतो. मी विद्यार्थ्यांना त्याच्या शेजारचा आकडा पाहायला लावायचे, तो म्हणजे औषध नसलेली गोळी घेतलेल्या २२ पैकी ६ जणींनाही बीज सुटलं. काहीही न घेता, सहा. पीसीओएसची पाळी मुळातच लहरी असते, आणि आपण नवीन उपाय सुरू करतो तो बहुधा सगळ्यात वाईट काळात. त्यानंतर जे आपोआप सुधारणार होतं त्याचं श्रेय त्या वेळी हातात असलेल्या डबीला जातं. म्हणून कुणाच्या 'मला लागू पडलं' वर मी विसंबत नाही, समोरच्या गटात किती जणींना आपोआप लागू पडलं ते शोधते.

१९९९ नंतर त्या आकड्यांची चमक टिकली नाही. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा सूर असा आहे: इनोसिटॉलने नुकसान फारसं नाही, साखर-इन्सुलिनच्या आकड्यांत थोडी सुधारणा होऊ शकते, एखादीला घ्यायचंच असेल तर विचार करायला हरकत नाही. पण बीज सुटणं, केस, वजन यांवर फायदा मर्यादित. डॉक्टरांशी बोलून तू ते घेतलंस तर मी अडवणार नाही. गुण येईलच म्हणून मात्र सांगणार नाही.

आता बर्बेरिन, जे तुझ्या कॅप्सूलमध्ये आहे. दारुहळदीच्या मुळाच्या सालीला जो पिवळाजर्द रंग असतो, तो याचाच. या सगळ्या गर्दीत मला थोडा आदर वाटतो तो या रेणूबद्दल. पेशीतला जो ऊर्जेचा कळफलक मेटफॉर्मिन हलवतं, त्यालाच हेही हात घालतं, आणि याच्यावर खरोखर मोठी चाचणी झाली आहे. चीनमध्ये, मूल हवं असलेल्या ६४४ बायकांवर. तीन गट केले: फक्त लेट्रोझोल, फक्त बर्बेरिन, आणि दोन्ही एकत्र. लेट्रोझोल म्हणजे बीज सुटायला मदत करणारी गोळी, पीसीओएसमध्ये मूल हवं असेल तर आज डॉक्टर तीच आधी देतात. निष्कर्ष २०१६ मध्ये आला. लेट्रोझोलवाल्यांपैकी ३६ टक्के जणींना मूल झालं, दोन्ही घेतलेल्यांपैकी ३४ टक्के, आणि फक्त बर्बेरिनवाल्यांपैकी २२ टक्के. बर्बेरिन जोडून काही भर पडली नाही, आणि एकट्याने ते मागे राहिलं. 'वर्षभरात मूल हवं' असं म्हणणाऱ्या मुलीला याहून सरळ उत्तर देणारी चाचणी मला माहीत नाही.

आणि टेस्ट आधी करायला सांगितली ती या बर्बेरिनमुळे. ते रक्तातल्या प्रथिनावरून बिलिरुबिनला, म्हणजे काविळीत वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याला, ढकलून देतं, आणि पोटातल्या किंवा नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या मेंदूपर्यंत ते मोकळं बिलिरुबिन पोचलं तर कायमची इजा होऊ शकते. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना बर्बेरिन नको, यात दुमत नाही. तुझी पाळी तर अशी, की दिवस गेले तर तुला दीड-दोन महिने पत्ताही लागणार नाही. मूल हवं असणाऱ्या बाईने ते डॉक्टरांच्या नजरेबाहेर घेत राहणं मला पटत नाही. गंमत म्हणजे बर्बेरिनचा नेहमीचा त्रास कोणता? पोट बिघडणं. आगीतून फुफाट्यात.

डबीचा फोटो मोठा करून पाहिला. पुढे पानाफुलांचं चित्र, मागे बारीक अक्षरांत: दालचिनी अर्क, बर्बेरिन, हळद अर्क, ज्येष्ठमध अर्क, काळी मिरी अर्क, 'विशेष मिश्रण, एकूण १,००० मिग्रॅ'. कुठली वस्तू किती, ते नाहीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. हजारातले नऊशे दालचिनीचे असतील किंवा नऊशे बर्बेरिनचे, तुला कळायला मार्ग नाही, मलाही नाही, आणि उद्या काही झालं तर डॉक्टरांनाही नसेल. ज्या गोष्टींचं प्रमाण माहीत नाही त्यांच्याबद्दल चाचण्यांचे आकडे सांगून काय उपयोग? चाचणी दीड ग्रॅमवर झाली असेल आणि तुझ्या पोटात दहा मिलिग्रॅम जात असेल, तर ती तुझी चाचणी नव्हे.

यातली काळी मिरी बघून बिचारी चवीला असेल असं वाटतं. तिथे ती कामाला ठेवली आहे. हळदीतलं कर्क्युमिन काचेच्या बशीतल्या पेशींवर पराक्रम गाजवतं, पण तोंडाने घेतलं तर रक्तात जवळजवळ पोचतच नाही. मिरीतलं पायपरिन यकृताला ते मोडू देत नाही. १९९८ मध्ये माणसांवर मोजलं तेव्हा दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर शोषण सुमारे २० पट झालं होतं. युक्ती चांगली आहे. पण यकृताचा हात धरला की तो फक्त हळदीपुरता धरला जात नाही, इतर काही औषधंही मोडायची राहून रक्तात साचू शकतात. बर्बेरिनही असेच काही एन्झाइम अडवतं. आणि शोषण वाढवलेल्या हळदीच्या अर्कांनंतर यकृताला सूज आल्याची प्रकरणं इटली आणि अमेरिकेत नोंदली गेली आहेत. भाजीतल्या हळदीचा आणि या अर्काचा काही संबंध नाही, नाहीतर तू उद्यापासून स्वयंपाकघरातली हळद बंद करशील.

ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन शरीरातलं मीठ आणि पाणी अडवतं, पोटॅशियम घटवतं आणि रक्तदाब चढवतं. टेस्टोस्टेरॉन थोडं उतरवल्याचं नऊ निरोगी बायकांवरच्या छोट्या अभ्यासात दिसलं, पण तेवढ्यासाठी रक्तदाब पणाला लावू नये. डॉक्टरकडे गेलीस की रक्तदाब मोजून घे आणि डबी सोबत ने. फोटो नको, डबीच ने. मागची बारीक अक्षरं फोटोत नीट येत नाहीत, मला भिंग घ्यावं लागलं.

कॅप्सूल आजपासून बंद कर. हळूहळू कमी वगैरे करायची गरज नाही.

मावशीच्या बातमीबद्दल लिहायला मला मनापासून आवडेल, कारण बातमी खरी आहे आणि गेल्या काही वर्षांत या विषयात इतकं नवं काही माझ्या वाचनात आलं नव्हतं. शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये ती प्रसिद्ध केली. आर्टेमिसिया अॅन्युआ या झाडापासून मिळणारं आर्टेमिसिनिन हे मलेरियाचं प्रसिद्ध औषध. ते शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५चं नोबेल मिळालं. कोलेस्टेरॉलपासून संप्रेरकं बनवायची पहिली पायरी अंडाशयात एक एन्झाइम चढवतं. आर्टेमिसिनिनच्या घराण्यातले रेणू काय करतात, तर त्या एन्झाइमला पेशीतल्या कचरा मोडणाऱ्या यंत्रणेजवळ नेऊन उभं करतात. यंत्रणा त्याचे तुकडे करते. पहिली पायरीच गेली की टेस्टोस्टेरॉन कमी बनतं. आधी हे उंदरांवर पाहिलं, मग १९ बायकांना यातलाच एक रेणू, डायहायड्रोआर्टेमिसिनिन, बारा आठवडे दिला. टेस्टोस्टेरॉन उतरलं, आणि १२ जणींची पाळी नियमित झाली.

१९ पैकी १२. आणि वरच्या २२ पैकी ६ आठवतात ना? इथे तुलनेला दुसरा गटच नव्हता. त्यामुळे बारांतल्या किती औषधाच्या आणि किती आपोआपच्या, हे अजून कुणालाच सांगता येत नाही. वर्षानुवर्षं घेतलं तर काय होतं, बंद केल्यावर पाळी टिकते का, दिवस राहिले तर बाळाला काय, हे सगळं बाकी आहे. शिवाय हे मलेरियाचं फार मोलाचं हत्यार आहे. ते मोघम मात्रेत इकडेतिकडे वापरलं तर परजीवी त्याला सरावतात. मोठ्या चाचण्या होऊ देत, मीही वाट पाहते आहे.

मावशीला एवढं मात्र नक्की सांग, की त्या झाडाचा चहा करून पिऊ नका. तू यूयूंची गोष्टच त्याबद्दल आहे. त्यांच्या गटाचे पाण्यात उकळलेले अर्क पुन्हा पुन्हा फसत होते. मग त्यांना चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात कृती सापडली: पाला थंड पाण्यात भिजवून पिळून काढलेला रस. उकळणं नाहीच. त्यावरून त्यांना सुचलं की उष्णता औषधच मारत असेल, आणि त्यांनी ३५ अंशांना उकळणाऱ्या इथरमध्ये अर्क काढला. तेव्हा कुठे जमलं. जागतिक आरोग्य संघटनाही या झाडाच्या चहाला किंवा पानांच्या गोळ्यांना मलेरियासाठीसुद्धा मान्यता देत नाही, कारण त्यात औषध किती उतरेल याचा भरवसा नाही.

राहिलं तुझं मेटफॉर्मिन. तीन आठवडे सोसून सोडलंस, यात तुझा दोष थोडा, सांगणाऱ्याचा जास्त. पोट बिघडणं हा त्याचा सगळ्यात ओळखीचा त्रास आहे आणि त्यावर वाट असते: अगदी छोट्या मात्रेपासून सुरुवात, जेवणाच्या मधोमध गोळी, दर एक-दोन आठवड्यांनी थोडी वाढ, आणि तरी त्रास झाला तर हळूहळू विरघळणारी गोळी. 'बंद केलं' एवढे दोन शब्द डॉक्टरांना सांगितले असतेस तर ही वाट दोन वर्षांपूर्वीच सापडली असती. वर्षानुवर्षं घेतलं तर बी-१२ घटू शकतं, ते अधूनमधून तपासायचं. पण तुला आता मेटफॉर्मिनच हवं, असंही मी म्हणत नाही. मूल लगेच हवं असेल तर डॉक्टर कदाचित थेट लेट्रोझोलबद्दल बोलतील. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन दोन वर्षांत तपासलं नसेल तर तेही बघतील, कारण ११८ दिवसांचं कारण दरवेळी पीसीओएसच असेल असं नाही. फोलिक अॅसिड कधी सुरू करायचं ते विचार, मूल हवं असेल तर ते आधीपासून घ्यायचं असतं. आणि गेल्या दोन वर्षांत काय काय घेतलंस ते सगळं सांग, पूड आणि चहासकट. बऱ्याच जणी 'ते काय औषध थोडंच आहे' म्हणून गाळतात, आणि डॉक्टरही विचारत नाहीत.

तारखांचं पान चालू ठेव. हिरवी शाईसुद्धा. नवीन काही सुरू केलंस की त्याच शाईने तारीख टाक, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, म्हणजे श्रेय कुणाचं ते कळेल.

तुझा ता. क. विसरले नाही. जेवणाइतकाच साधा, दिवसाला दोन कप पुदिन्याचा चहा तुला आवडत असेल तर पीत राहा. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर मात्र डॉक्टरांना विचारेपर्यंत थांबव. आणि केसांबद्दल खरंच जाणून घ्यायचं असेल तर आज खिडकीजवळच्या उजेडात हनुवटीचा एक फोटो काढून ठेव. सहा महिन्यांनी त्याच खिडकीत, त्याच वेळी दुसरा काढ आणि दोन्ही शेजारी ठेवून बघ.

तुझी,
ताई